मारा अभयारण्याच्या वेशीवरची मासाई वस्ती

आईने वयाच्या ६६ व्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढला, तो केनियाला जाण्यासाठी. सिंह पाहायची हौस माझ्या नवऱ्याची होती. आईचे लक्ष मात्र सहलीच्या कार्यक्रमातील एकाच ओळीवर होते : ‘मासाई गावाला भेट, ऐच्छिक, वेगळे पैसे’. गुरे राखणारे लोक आणि शेणाने लिंपलेली घरे, असे मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आमच्या घरासारखंच की.” आई इगतपुरीकडच्या डोंगरात, कारवीचा कूड घातलेल्या घरात वाढली आहे. मला मात्र त्या ओळीतील शेवटचे दोन शब्द खुपत होते. किती पैसे, कोणाच्या हातात, आणि पैसे मोजून परक्याच्या चुलीपर्यंत जाणे बरे दिसते का, यांपैकी कशाचाच उलगडा तिथे नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही तिघे जाऊन आलो. पुढे जाणाऱ्यांना आमच्याइतके चाचपडावे लागू नये, म्हणून जे जसे घडले ते तसे लिहून ठेवत आहे.

पहिले काम लसीचे होते. केनियातून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस घेतल्याचा दाखला असावाच लागतो, आणि लस टोचल्यापासून दहा दिवसांनी तो ग्राह्य धरला जातो. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. एका कुपीत अनेक जणांच्या मात्रा असतात आणि कुपी उघडली की काही तासांत ती संपवावी लागते, त्यामुळे केंद्रे ठरावीक दिवशी मोजक्याच माणसांना बोलावतात. आम्हाला दोन आठवडे थांबून मुंबईतील १७ डिसेंबर २०२४ ही तारीख मिळाली. सकाळी नऊला हजर राहायचे असल्यामुळे नाशिकहून त्याच दिवशी पंचवटी एक्सप्रेसने निघून चालणार नव्हते, म्हणून आदल्या रात्री दादरला मावशीकडे मुक्काम केला. साठीपुढच्या माणसांना या लसीचा त्रास होण्याचा धोका थोडा अधिक असतो. त्यामुळे आईसाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली गेली, आणि ती आम्ही नेली होती म्हणूनच दुसरी खेप वाचली. अंड्याची ॲलर्जी आहे का, हेही विचारतात. माणशी ३०० रुपये लागले आणि दोन दिवस दंड ठणकला. दाखल्याच्या पिवळ्या पुस्तिकेवर नाव हाताने लिहितात. आईच्या पुस्तिकेत वडिलांचे नाव गळले होते. ते जागेवरच लक्षात आले म्हणून तिथल्या तिथे दुरुस्त होऊन शिक्का मिळाला. पुस्तिका हातात आली की पासपोर्ट शेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहावे आणि मगच खुर्चीवरून उठावे. एक बरे आहे की २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर चालतो.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ई-टीए नावाची इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी सुरू केली आहे. आम्ही २० जानेवारीला अर्ज भरले. पासपोर्टचे पान, छायाचित्र, परतीचे तिकीट आणि राहण्याची आरक्षणे जोडावी लागतात, आणि शुल्क माणशी ३० डॉलर व वर कार्डाचा आकार असे पडते. आईची आणि माझी परवानगी तिसऱ्या दिवशी आली. नवऱ्याने पासपोर्टचा फोटो दिव्याखाली काढल्यामुळे त्यावर चकाकी आली होती, त्याला तो पुन्हा पाठवावा लागला आणि आणखी दोन दिवस गेले. परवानगी कागदावर छापून न्यावी, कारण विमानतळावर रांगेत उभे असताना मोबाइलला नेटवर्क मिळेलच असे नाही. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत. आईने लिंबाच्या लोणच्याची पिशवी काढून त्याला स्टीलचा डबा दिला आणि प्रत्येकाने पाण्याची स्वतःची बाटली घेतली. डॉलरच्या नोटा कोऱ्या, अलीकडच्या छपाईच्या आणि कशाचीही खूण नसलेल्या असाव्यात, अशी ताकीद मिळाली होती. नैरोबीत आमची कडा फाटलेली एक नोट खरोखरच परत आली.

शनिवारी, ८ फेब्रुवारीला, मुंबईहून निघून थेट विमानाने सुमारे सहा तासांत नैरोबीला उतरलो. घड्याळ अडीच तास मागे घेतले. एक दिवस विसावा घेऊन सोमवारी सकाळी आठला, छत वर उचलता येणाऱ्या व्हॅनमधून मासाई मारा अभयारण्याकडे निघालो. रस्ता महाखचदरीच्या (ग्रेट रिफ्ट व्हॅलीच्या) कड्यावरून माई माहियूकडे उतरतो. दुसऱ्या महायुद्धात हा रस्ता बांधणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ मध्ये उभारलेले चिमुकले चर्च उतारावरच लागते. पुढे नारोक गावी चहा घेताना आईने दुकानांच्या पाट्या लक्ष देऊन ऐकायला सुरुवात केली, म्हणजे चालक वाचत होता आणि ती ऐकत होती. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, साबणाला ‘सबुनी’, हिशोबाला ‘हेसाबु’ आणि तयारला ‘तयारी’ म्हणतात; चपाती तर चपातीच. भारतीय माणूस म्हणजे ‘मुहिंदी’ आणि मक्याला म्हणतात ‘महिंदी’, हे कळल्यावर ती बराच वेळ हसत होती. १८९६ ते १९०१ या काळात रेल्वे बांधायला सुमारे ३२,००० भारतीय मजूर इथे आणले गेले होते आणि २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. नारोकमध्ये आमच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

दुपारी दोनच्या सुमारास अभयारण्याच्या सेकेनानी फाटकाबाहेरच्या तंबूंच्या मुक्कामी पोहोचलो. अभयारण्याचे तिकीट परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर आहे, आणि ते सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत चालते. दुपारी पोहोचून त्याच दिवशी आत शिरणे म्हणजे अर्धे पैसे पाण्यात. मासाई वस्त्या मात्र फाटकाच्या बाहेर असल्यामुळे तिथे जायला हे तिकीट लागत नाही. तेव्हा पोहोचण्याच्या दिवशीची संध्याकाळ वस्तीसाठी आणि पुढचे पूर्ण दिवस प्राण्यांसाठी, अशी मांडणी खिशाला परवडते. संध्याकाळ निवडण्याचे दुसरे कारण आईचे होते. “गुरं घरी येतील तेव्हा जाऊ,” ती म्हणाली, “दुपारी गोठ्यात काय बघायचं?”

पैशांचा प्रश्न व्हॅनमध्येच उभा राहिला. चालकाने सांगितले की माणशी ४० डॉलर होतात, तिघांचे १२० माझ्याकडे द्या, मी पुढचे पाहतो. माणूस सभ्य होता आणि सहा तास त्याने गाडी जपून चालवली होती, त्यामुळे नाही म्हणताना माझी जीभ अडखळली. तरीही मी म्हटले की पैसे आम्ही वस्तीतच देऊ आणि देण्याआधी रक्कम तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकू. तो काही बोलला नाही, पण पुढची दहा मिनिटे गाडीत शांतता होती. वस्तीच्या काटेरी कुंपणाशी मुखियाचा मुलगा लाल शुका, म्हणजे मासाईंची चादर, पांघरून उभा होता. पंचविशीतला, चांगले इंग्रजी बोलणारा. त्याला मी सरळच विचारले. त्याने माणशी ३,००० शिलिंग सांगितले, म्हणजे तिघांचे ९,००० शिलिंग, साधारण ७० डॉलर किंवा ६,००० रुपये. यात घर पाहणे, नाच आणि फोटो आले, खरेदी वेगळी आणि ती सक्तीची नाही, असेही त्याने स्वतःहून सांगितले. पैसे एका वृद्ध गृहस्थाच्या हातात दिले, त्यांनी ते मोजले आणि मुलाने शंभर पानी वहीत तारीख व रक्कम लिहिली. त्याने मला वही दाखवली. आदल्या दिवशीच्या दोन नोंदी होत्या. हे पैसे कशाला लागतात, असे मी विचारले, तेव्हा शाळेची फी, औषधपाणी आणि पाण्याचा टँकर अशी तीन नावे त्याने घेतली. चालकाला आम्ही त्याच्या कामाची बक्षिसी शेवटच्या दिवशी वेगळी दिली आणि तोवर त्याचा रुसवाही गेला होता. हे सगळे फार अवघड वाटते, पण प्रत्यक्षात दोन मिनिटांचे काम असते, आणि एकदा हिशोब उघडपणे झाला की मन मोकळे होऊन माणसांकडे पाहता येते.

वस्तीला मासाईंच्या मा भाषेत एन्कांग म्हणतात. पर्यटकांच्या तोंडी रुळलेला ‘मन्याट्टा’ हा शब्द खरे तर तरुण लढवय्यांच्या, म्हणजे मोरानांच्या, वस्तीचा आहे. बाभळीच्या काटेरी फांद्यांचे गोल कुंपण, त्याला लागून आत बुटकी घरे आणि मधोमध मोकळी जागा, जिथे रात्री गुरे बसवतात. कुंपण पुरुषांनी घालायचे आणि घर बायकांनी बांधायचे. सिंह आणि तरस फिरकू नयेत म्हणून कुंपणाच्या खांबांवर लुकलुकणारे सौरदिवे लावले होते. फाटकाजवळच्या काही वस्त्या केवळ पाहुण्यांसाठी मांडलेल्या असतात, असे मी आधी वाचले होते आणि ती शंका मनात घेऊनच आत गेले होते. आईने आत येताच खाली पाहिले. पायाखाली जुन्या शेणाचा थर होता आणि त्यावर सकाळचे ताजे शेण. “गुरं इथंच बसतात,” ती म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने तो विषय संपला. या ठिकाणी चपला नकोत. बंद बूट घालावेत आणि माशा तोंडावर बसतील हे मनाशी धरून जावे.

‘सोपा’ म्हटले की समोरून ‘इपा’ येते, एवढे आम्ही वाटेत शिकून घेतले होते. मुखियाचा मुलगा आईला ‘मामा’ म्हणत होता, कारण स्वाहिलीत आईच्या वयाच्या बाईला तसेच म्हणतात. आपल्या कोणाला तरी मामा म्हणतात म्हणून ती आधी मागे वळून पाहत होती. मग मुले आली. मासाई मुले मोठ्या माणसापुढे डोके वाकवतात आणि मोठ्याने डोक्यावर तळवा टेकवायचा असतो, हे मला ठाऊक होते, पण आईला सांगायचे राहून गेले होते. सांगायची गरजही पडली नाही. पहिल्या मुलीने डोके वाकवले आणि आईचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. मग रांगच लागली. मी आणि नवरा मात्र हात पुढे करून उभे होतो आणि मुले आमच्यासमोर येऊन वाट पाहत होती.

एक चूक आमच्याकडून झाली, तीही लिहायला हवी. आईने चिक्कीचा पुडा बरोबर घेतला होता आणि तो तिने तिथेच फोडला. क्षणात वीस-पंचवीस हात पुढे आले, दोन लहानग्यांची ढकलाढकली झाली आणि एक रडू लागले. त्या तरुणाने शांतपणे पुडा हातात घेतला आणि सांगितले की पाहुण्यांनी वाटायला सुरुवात केली की मुले दुसऱ्या दिवशी शाळेऐवजी कुंपणाशी थांबतात. काही द्यायचे असेल तर ते शिक्षकांकडे द्यावे. चिक्की दुसऱ्या दिवशी शाळेत गेली, असे त्याने नंतर कळवले.

नाच झाला. पुरुषांनी अर्धवर्तुळ करून घशातून घुमणारा सूर धरला आणि एकेक जण पुढे येऊन गुडघे न वाकवता सरळ वर उडू लागला. याला आदुमू म्हणतात. नवऱ्याला ओढून नेले. तो दोनदा उडाला आणि पुढचे तीन दिवस व्हॅनच्या खड्ड्यांत त्याची कंबर त्याला आठवण करून देत होती. मग देवदाराच्या फळीवर काटकी घुसळून विस्तव पाडून दाखवला. तेही खरे कसब आहे, पण विस्तव काढणाऱ्याच्या कमरेला आगपेटी दिसत होती आणि त्याने ती लपवण्याची तसदीही घेतली नाही, याचे मला बरे वाटले. त्यानंतर सिंह मारण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, त्या मात्र रोज सांगून गुळगुळीत झालेल्या वाटल्या. केनियात शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे. मी अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाकडे २०१२ पासून होणाऱ्या मासाई ऑलिंपिकबद्दल विचारले, जिथे सिंहाऐवजी भाला फेकण्यात, धावण्यात आणि उंच उडीत मोरान एकमेकांना आजमावतात, तेव्हा मुखियाच्या मुलाचा स्वर बदलला आणि पाठ केलेली गोष्ट बाजूला पडली. त्याच्या चुलत्याच्या चार गाई गेल्या पावसाळ्याआधी सिंहिणीने नेल्या होत्या, हे तो तेव्हा बोलला. १९०४ आणि १९११ च्या करारांनी ब्रिटिशांनी मासाईंना उत्तरेकडच्या उत्तम कुरणांतून दक्षिणेला हलवले. पुढे १,५१० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य झाले आणि तिथे गुरे चारायला बंदी आली. दुष्काळात समोर गवत दिसत असते आणि आत गेले की दंड होतो, हे त्याने कुंपणापलीकडे बोट दाखवून सांगितले.

घर पाहायला आम्हाला एका मध्यमवयीन बाईंनी आत नेले. एन्काजी म्हणतात त्या घराला. दार म्हणजे वळणाचा बोळ, कंबरेत वाकूनच शिरावे लागते, आणि आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. मुठीएवढ्या झरोक्यातून येणारा उजेड, मधोमध तीन दगडांची चूल, दोन्ही बाजूंना फांद्यांवर कातडे अंथरलेल्या झोपायच्या जागा, आणि दाराशी कोकरांसाठी आडोसा. धूर डोळ्यांत जातो. दम्याच्या माणसाने आत दोन मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. धुरामुळे डास मात्र फिरकत नाहीत. कोपऱ्यात दुधाचे भोपळे होते, आतून जळत्या लाकडाने धुरी देऊन स्वच्छ केलेले. आईने भिंतीवर तळवा फिरवला आणि विचारले की शेणात काय घालता. प्रश्न माझ्याकडून इंग्रजीत, तिथून मा भाषेत गेला आणि उत्तर परत येईपर्यंत त्या दोघींनी हातांनीच बोलायला सुरुवात केली होती. आईने मांडी घालून जमिनीवर अर्धगोल काढत सारवून दाखवले. त्या बाई हसल्या, उठल्या आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन छतावर थापल्यासारखे केले. त्यांच्याकडे सारवण जमिनीपेक्षा छताला लागते, कारण पाऊस वरून आत येतो. शेणात माती, राख आणि गोमूत्र असते. आईने कारवी, गवताचे शाकारणे आणि आमच्याकडचा पाऊस हे सगळे मला सांगायला लावले. इगतपुरीच्या पावसात शेणाचे छत एक दिवस टिकणार नाही, असा तिचा अभिप्राय होता, आणि तोही मी भाषांतरून सांगितला. मग त्या बाईंनी माझ्या मंगळसूत्राचे काळे मणी बोटांत धरून काहीतरी विचारले. लग्नाचे आहे का, असा तो प्रश्न होता. स्वतःच्या गळ्यातल्या मण्यांतून त्यांनी एक माळ वेगळी करून दाखवली. आम्ही ठरलेल्या दहा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटे आत बसलो, आणि तेवढा वेळ फोटो काढायचे कोणाच्याच लक्षात आले नाही.

शेवटी बाजार. बायकांनी जमिनीवर चादरी अंथरून मण्यांचे दागिने मांडले होते. लाल शौर्याचा, पांढरा दुधाचा, निळा आभाळाचा, हिरवा गवताचा, असे रंगांचे अर्थ सांगतात; काचेचे मणी मात्र युरोपातून येतात. कंकणाला ३,००० शिलिंग सांगितले, घासाघीस करून १,२०० ला घेतले. घासाघीस केलेली कोणालाही खटकत नाही, पण घ्यायचे नसेल तर वस्तू हातात घेऊ नये. एकाने सिंहाचा दात म्हणून काही दाखवले. खरे असो वा खोटे, वन्य प्राण्याचा दात, नख किंवा पीस विकत घेऊ नये. कायद्याने ते अंगाशी येते. आम्ही परत निघालो तेव्हा साडेसहा होत आले होते आणि गुरे घंटा वाजवत कुंपणात शिरत होती. आई वाटेवरून बाजूला होऊन, प्रत्येक गाय आत जाईपर्यंत उभी राहिली.

पुढचे तीन दिवस सिंह, हत्ती, जिराफ सगळे दिसले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. शनिवारी, १५ फेब्रुवारीला, मुंबईला उतरल्यावर आरोग्य खात्याच्या टेबलाशी पिवळ्या पुस्तिका तपासल्या गेल्या. रांगेला चाळीस मिनिटे लागली. आमच्या पुढच्या एका कुटुंबातल्या आजोबांची पुस्तिका चेक-इन केलेल्या सामानात होती आणि त्यांना बाजूला बसवून ठेवले होते. तेव्हा ती हाताशीच ठेवावी.

मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. एप्रिलच्या शेवटी त्या तरुणाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. त्याच बाई घराच्या छतावर वाकून ओले शेण थापत होत्या. आईने तो मोठा करून पाहिला आणि मला लिहायला सांगितले की वळचणीशी थर पातळ पडलाय, तिथे पुन्हा हात फिरवा. दोन दिवसांनी उत्तर आले : तो भाग पावसात पडलाच, आता नव्याने लिंपत आहेत.